ऑक्टोबर : एका महिन्यातील जगाचा इतिहास

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. अमुक दिवशी अमुक थोर पुरुषाचा जन्म, अमुक दिवशी अमुक लढाई, अशी एक-दोन वाक्ये लिहिली जातात. परिपाठाच्या वेळी ती वाचून दाखविली जातात आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो. प्रथा चांगलीच आहे. परंतु तीत एक उणीव राहून जाते. तारीख पाठ होते, पण त्या घटनेची तयारी केव्हापासून चालू होती, तिचे परिणाम कोठवर पोहोचले, ती कोणी व कशी नोंदविली, आणि मुळात ती तारीख कोणत्या कालगणनेतील, हे प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात. ऑक्टोबर हा एकच महिना घेऊन हे प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत.

प्रारंभ महिन्याच्या नावापासूनच करू. लॅटिन भाषेत ‘ऑक्टो’ म्हणजे आठ. संस्कृतातील ‘अष्ट’ आणि आपला ‘आठ’ हे शब्द त्याच कुळातले. मग आठवा म्हणून नाव मिळालेला महिना दहाव्या क्रमांकावर कसा गेला? प्राचीन रोमन लोकांचे वर्ष मार्चपासून सुरू होत असे. त्या हिशेबाने सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा आणि डिसेंबर दहावा. पुढे वर्षारंभ जानेवारीवर गेला, पण महिन्यांची नावे होती तीच राहिली. खाते बदलले तरी जुन्या नावाचा शिक्का काही काळ दप्तरात चालू राहतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, हा शिक्का दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला आहे.

दहा दिवसांचा लोप

या महिन्याच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण घटना म्हणजे त्यातून एकदा दहा दिवस वगळले गेले, ही होय. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४५ पासून अंमलात आणलेल्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस व सहा तासांचे मानले होते आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढविला जाई. प्रत्यक्षात सौर वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे ही काही मोठी चूक नव्हे. पण ती दरसाल साचत गेली म्हणजे सुमारे १२८ वर्षांत पुरा एक दिवस होतो. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरली त्या काळी वसंतसंपात २१ मार्चला येत असे. सोळाव्या शतकात तो ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. ईस्टरचा सण या संपातावर अवलंबून असल्याने धर्मपीठाला या गोष्टीची दखल घेणे भाग पडले.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ रोजी आज्ञापत्र काढले. इटालियन वैद्य व गणिती अलॉयसियस लिलियस याने सुचविलेली पद्धत आणि क्रिस्टोफर क्लाव्हियस या जेझुइट ज्योतिर्विदाचे गणित यांचा त्याला आधार होता. त्यानुसार गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर धरण्यात आला. वारांचा क्रम मोडला नाही, तारखा मात्र गळाल्या. आविलाची संत तेरेसा त्याच रात्री निवर्तली. तिचा मृत्युदिन लिहिताना चरित्रकारांना ४ ऑक्टोबर किंवा १५ ऑक्टोबर लिहावे लागते, आणि दोन्ही बरोबर ठरतात.

पुन्हा अशी चूक साचू नये म्हणून शतकवर्षांचा नियम घालण्यात आला. ज्या शतकवर्षाला ४०० ने पूर्ण भाग जातो तेवढेच लीप वर्ष. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते आणि २१०० असणार नाही. ‘चारने भाग गेला की लीप वर्ष’ एवढेच विद्यार्थ्यांना सांगणे अपुरे आहे, हे शिक्षकांच्या ध्यानात येईलच.

ही सुधारणा स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि बहुतेक इटालियन राज्यांनी तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडला मात्र पोपची आज्ञा मानवली नाही. सूर्य आणि पोप यांचे एकमत झाले तरी आपण त्यांत सामील व्हावयाचे नाही, असा तो बाणा १७५२ पर्यंत टिकला. तोवर तफावत अकरा दिवसांची झाली होती. या हट्टाचा संबंध थेट आपल्या इतिहासाशी येतो. सतराव्या शतकात सुरत किंवा मुंबईच्या इंग्रज वखारीतील कारकून एखाद्या दिवसाला जी तारीख घाली, तिच्यापुढे दहा दिवसांची तारीख गोव्यातील पोर्तुगीज लेखनिक त्याच दिवसाला घाली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही प्रसिद्ध तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेतील आहे. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस आजच्या ग्रेगरियन गणनेने १६ जून येतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधकाला म्हणूनच कागद वाचण्यापूर्वी तो कोणाच्या दप्तरातला आहे, हे पाहावे लागते.

नोव्हेंबरमधील ‘ऑक्टोबर’

रशियाने तर जुनी गणना विसाव्या शतकापर्यंत सोडली नाही. १९१७ साली बोल्शेविकांनी पेट्रोग्राडमध्ये सत्ता हस्तगत केली, त्या रात्री तेथील भिंतीवर २५ ऑक्टोबर ही तारीख होती. उर्वरित युरोपात तो ७ नोव्हेंबर होता. नव्या राजवटीने लवकरच ग्रेगरियन गणना स्वीकारली आणि ३१ जानेवारी १९१८ च्या दुसऱ्या दिवशी १४ फेब्रुवारी उजाडली. परिणामी ‘ऑक्टोबर क्रांती’चा वार्षिकोत्सव सोव्हिएत संघात दरवर्षी ७ नोव्हेंबरला होऊ लागला, तो १९९१ साली ते राष्ट्र विसर्जित होईपर्यंत.

आपल्याकडेही तिथी आणि तारीख अशी दुहेरी स्मृती चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. तो दिवस विजयादशमीचा होता आणि त्यांनी तो हेतुपूर्वक निवडला होता. सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराशी या दिवसाचे नाते परंपरेने मानले जाते. म्हणून दीक्षाभूमीवर मोठा जनसमुदाय लोटतो तो अशोक विजयादशमीला, मग ती ऑक्टोबरच्या कोणत्याही तारखेस येवो वा सप्टेंबरच्या अखेरीस; आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो. देशातील अशा अनेक कालगणनांचा विचार करण्यासाठी १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, शक संवतावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. व्यवहारात मात्र ती फारशी रुजली नाही.

१२ ऑक्टोबर १४९२

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबरमधील सर्वांत प्रसिद्ध तारखेकडे पाहू. ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनच्या पालोस बंदरातून तीन जहाजांनिशी निघालेल्या क्रिस्तोफर कोलंबसाच्या खलाशांना १२ ऑक्टोबरच्या पहाटे जमीन दिसली. अर्थात ही जुन्या गणनेतील तारीख. ते बेट आजच्या बहामा द्वीपसमूहातील होते. कोलंबसाची समजूत मात्र आपण आशियाच्या पूर्वेकडील बेटांना, ‘इंडीज’ला पोहोचलो अशी झाली. भारताचे नाव भारताशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांना चिकटले ते यामुळे.

‘अमेरिकेचा शोध’ हा शब्दप्रयोग आता जपूनच वापरावयास हवा. तेथे हजारो वर्षांपासून माणसे राहत होती, शेती करीत होती, नगरे वसवीत होती. शोध लागला तो युरोपास. परंतु त्या दिवसापासून पृथ्वीच्या दोन गोलार्धांमध्ये जी देवाणघेवाण सुरू झाली, तिच्याएवढा व्यापक परिणाम फार थोड्या घटनांचा झाला आहे. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा, रताळे, पेरू, सीताफळ, काजू, तंबाखू ही सर्व मूळची अमेरिकेतील पिके. पोर्तुगीजांच्या जहाजांतून त्यांपैकी कित्येक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वी मराठी स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांवरच भागत असले पाहिजे. गंमत अशी की, आपण उपवासाला चालणारे म्हणून जे निष्ठेने खातो, त्यांतील शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची ही चारही अमेरिकेतून आली. साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे होतो, तो कंदही तेथलाच.

देण्याच्या बाजूला मात्र भयंकर गोष्टी होत्या. गुलामगिरी, लूट आणि सर्वांहून संहारक अशी देवीची साथ. या रोगाशी पूर्वी कधीच गाठ न पडल्यामुळे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या अंगी त्याविरुद्ध कसलीच प्रतिकारशक्ती नव्हती. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅरिबियन बेटांतून मेक्सिकोत आणि पुढे दक्षिणेकडे ही साथ पसरली आणि स्पॅनिश तलवारींपेक्षा तिने अधिक माणसे मारली. याच रोगाच्या अखेरीचा वृत्तांतही ऑक्टोबरमध्येच घडला. त्याकडे पुढे येऊच.

दरम्यानच्या कित्येक तारखा केवळ नोंदवून पुढे जावे लागेल. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर हुंगवून रुग्णाला गुंगी आणली आणि वेदनेविना शस्त्रक्रिया करता येते हे जाहीररीत्या सिद्ध झाले. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अंमलात आली आणि स्वदेशीच्या चळवळीने पेट घेतला. १९२९ च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पाठोपाठ आलेल्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव गडगडले आणि त्याची झळ भारतातील शेतकऱ्यालाही पोहोचली. १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंग येथे चीनच्या लोकगणराज्याची घोषणा झाली. २ ऑक्टोबर ही गांधीजींची जयंती आपली आहेच. २००७ पासून संयुक्त राष्ट्रे तो दिवस आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून पाळतात.

अग्निबाण आणि तेरा दिवस

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा मानवनिर्मित पहिला उपग्रह आकाशात सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा हा गोळा सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालीत असे. विद्युत्घट संपेपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याचा ‘बीप बीप’ असा संदेश जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी ऐकला. या घटनेचे कौतुक जितके झाले, तितकीच तिची धास्तीही पसरली. कारण उपग्रह वर नेणारा अग्निबाण मुळात खंडांतर पार करणारे अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी तयार केलेला होता. ज्याला पृथ्वीभोवती गोळा फिरविता येतो, त्याला तो पृथ्वीवर कोठेही टाकताही येईल, हे समजावयास शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती.

ही धास्ती पाच वर्षांनी, १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये, प्रत्यक्षात येण्याच्या टोकाला पोहोचली. १४ ऑक्टोबर रोजी अमेरिकेच्या टेहळणी विमानाने क्यूबावरून घेतलेल्या छायाचित्रांत सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ आढळले. फ्लॉरिडाच्या टोकापासून क्यूबा अवघे दीडशे किलोमीटर. १६ ऑक्टोबरला सकाळी ही छायाचित्रे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे ठेवण्यात आली आणि तेथून तेरा दिवसांची मोजणी सुरू होते. विमानहल्ला करावा असा काही सल्लागारांचा आग्रह होता. केनेडी यांनी सागरी नाकेबंदीचा मार्ग पत्करला. तीही ‘नाकेबंदी’ या नावाने न करता ‘क्वारंटाइन’ म्हणून, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी हे युद्धकृत्य ठरते. एका शब्दाच्या निवडीत केवढा विचार असू शकतो, हे शासकीय मसुदे लिहिणाऱ्यांस तरी वेगळे सांगावयास नको.

नाकेबंदी २४ ऑक्टोबरला सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली ज्या दिवशी अंमलात आली होती, तोच हा दिवस. त्या सनदेवर सही करणाऱ्या ५१ मूळ सदस्यांत भारतही होता. संघटनेचे तत्कालीन प्रभारी सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे ऊ थांट, यांनी दोन्ही राष्ट्रप्रमुखांना पत्रे पाठवून थोडा अवधी मिळवून देण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा उपयोग झाला. २७ ऑक्टोबरचा शनिवार सर्वांत बिकट गेला. त्या दिवशी क्यूबावर एक अमेरिकन विमान पाडले गेले. समुद्राखाली एका सोव्हिएत पाणबुडीवर अमेरिकन नौदल इशाऱ्याचे स्फोट करीत होते. त्या पाणबुडीवर अण्वस्त्रधारी पाणतीर आहे, हे वरच्यांना ठाऊक नव्हते. तो सोडण्यास पाणबुडीवरील वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने संमती दिली नाही, हा वृत्तांत जगापुढे आला तो चाळीस वर्षांनंतर. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले. अमेरिकेने क्यूबावर आक्रमण न करण्याचे जाहीर आश्वासन दिले आणि तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्तपणे कबूल केले. पुढच्या वर्षी दोन राजधान्यांमध्ये थेट संदेशवहनाची सोय करण्यात आली.

जगाचे डोळे असे क्यूबाकडे लागलेले असताना २० ऑक्टोबर रोजी चीनने लडाखात आणि ईशान्य सीमेवर भारतावर हल्ला चढविला. हा योगायोग होता की त्यामागे हिशेब होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या युद्धाच्या अखेरीस महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेल्याचे त्या वेळी म्हटले गेले, ते या पिढीच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.

देवीचा शेवटचा रुग्ण

आता अमेरिकेत जाऊन पोहोचलेल्या त्या रोगाकडे वळू. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये देवीवरील लस शोधली आणि सहा वर्षांतच, जून १८०२ मध्ये, भारतातील पहिली लस मुंबईत टोचली गेली. तरीही पुढची पावणेदोनशे वर्षे देवीच्या साथी येतच राहिल्या. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीनिर्मूलनाची नेटाची मोहीम हाती घेतली, तेव्हा केवळ सरसकट लस टोचून भागत नाही हे लवकरच ध्यानात आले. मग पद्धत बदलली. प्रत्येक रुग्ण शोधावयाचा, त्याला वेगळे ठेवावयाचे, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या व आसपासच्या सर्वांना लस टोचून रोगाला वेढा घालावयाचा.

या पद्धतीचा कणा म्हणजे बातमी. भारतात १९७३ च्या पावसाळ्यानंतर आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचे चित्र छापलेले कार्ड घेऊन गावोगाव घरोघर फिरू लागले. बाजारात, चहाच्या दुकानात आणि विशेषतः शाळेत ते चित्र दाखवून ‘असा कोणी पाहिला आहे काय?’ असे विचारीत. मोठी माणसे पुष्कळदा रुग्ण लपवीत. मुले खरे सांगत. रुग्ण कळविणाऱ्यास बक्षीस होते, आणि रुग्ण जसे दुर्मीळ होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढत जाऊन शेवटी १,००० रुपयांपर्यंत गेली. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातील भोला बेटावर एका लहान मुलीला देवी आल्या. देवीच्या तीव्र प्रकाराचा तो जगातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण. ही बातमी कळविली ती आठ वर्षांच्या एका मुलीने, आणि तिला २५० टक्यांचे बक्षीस मिळाले.

उरला तो सोमालियातील सौम्य प्रकार. १२ ऑक्टोबर १९७७ रोजी, कोलंबसाच्या तारखेस, मर्का गावच्या रुग्णालयापाशी एक मोटार येऊन थांबली. तीत देवीचे दोन बालरुग्ण होते आणि चालकाला विलगीकरण केंद्राकडे जाणारी वाट विचारावयाची होती. रुग्णालयातील अली माओ मालिन हा तेवीस वर्षांचा आचारी वाट दाखविण्यासाठी गाडीत बसला. प्रवास अवघ्या काही मिनिटांचा. या तरुणाने पूर्वी लसीकरणाच्या कामात मदत केली होती, पण टोचून घेण्याच्या भीतीने स्वतः मात्र लस टाळली होती. २२ ऑक्टोबरला त्याला ताप आला. प्रथम हिवताप समजून उपचार झाले. २६ तारखेस अंगावर पुरळ उठल्यावर कांजिण्या समजून त्याला घरी सोडण्यात आले. ३० ऑक्टोबरला खरे निदान झाले. मग त्याच्या संपर्कातील १६१ जणांचा माग काढण्यात आला, गावात येण्याजाण्याच्या वाटांवर पहारे बसले आणि दोन आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक लोकांना लस टोचली गेली. त्याच्यापासून रोग कोणालाही झाला नाही. तो स्वतः बरा झाला. त्याच गाडीतील सहा वर्षांची मुलगी मात्र वाचली नाही.

२६ ऑक्टोबर १९७७ या तारखेपासून दोन वर्षे आफ्रिकेच्या त्या भागात घरोघर शोध चालू राहिला. दोन वर्षे पुरी झाली त्या दिवशी, २६ ऑक्टोबर १९७९ रोजी, नैरोबी येथे तो प्रदेश देवीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने संपूर्ण जगाविषयी तीच घोषणा केली. मालिन पुढे पोलिओ लसीकरणाच्या कामात शिरला. लस घेण्यास कचरणाऱ्या आईबापांना तो स्वतःची हकीकत सांगत असे. पोलिओची साथ उलटल्यामुळे हाती घेतलेल्या मोहिमेवर असतानाच २०१३ साली तो मरण पावला. त्या खेपेस त्याला झाला होता तो हिवतापच.